अबोलीचा त

१

शोभनाच्या घरातून ‘जाते’ म्हणून कोणी उंबरा ओलांडायचा नाही. अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या त्या टाउनहाउसला उंबरा नव्हताच, दाराखाली पत्र्याची पट्टी होती नुसती. पण नियम म्हणजे नियम. नवरा संजीव ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असायचा. एकदा घाईत ‘चल, जातो’ म्हणून गेला, तर हिनं पिठाच्या हातानं पार्किंगपर्यंत धावत जाऊन त्याला खाली उतरवलं होतं आणि ‘येतो’ म्हणायला लावलं होतं.

“जाणारा जातो तो चौघांच्या खांद्यावरून,” ती म्हणायची. “पायांनी चालणाऱ्यानं येतो म्हणावं.”

घरात कोणी नसलं तरी म्हणायचं. रिकाम्या घरालाही कान असतात, त्याला सांगून निघालं की ते आपली वाट बघतं, असं तिचं म्हणणं. चौथी शिकलेली बाई. नणंदेनं कागदपत्रं केली म्हणून वीस-बावीस वर्षांपूर्वी सातारा सोडून इथं आली आणि आसपासच्या आयटीवाल्यांना रोज अडीचशे पोळ्या करून द्यायला लागली. इंग्रजी तिला चार शब्दांपुरतं यायचं, पण त्या चार शब्दांत ती समोरच्याला गार करायची.

तिची एकुलती एक मुलगी अबोली इथंच जन्मलेली, शार्लटला आर्किटेक्चर शिकत होती. पोरीची मराठी तशी बरी होती. द जमायचा, थ जमायचा. त मात्र काही केल्या नाही. त म्हटलं की ट. ‘येते’चं ‘येटे’, ‘ताट’चं ‘टाट’.

“जीभ दाताला लाव गं भवाने! टाळूला काय साखर लावून ठेवलीय तुझ्या?” हे शोभनाचं वीस वर्षांचं पालुपद.

नणंद पद्मिनी शेजारच्या गावात राहायची, चाळीस वर्षं अमेरिकेत मुरलेली. ती म्हणायची, “सोड गं, कळतंय ना ती काय म्हणते ते.”

“कळायला काय, वन्सं, कुत्र्याचं भुंकणंही कळतं.”

जूनमध्ये अबोली कॉलेजतर्फे तीन आठवडे युरोपातलं एक जुनं शहर बघायला निघाली. टालिन नावाचं.

“टाळीन?” शोभना म्हणाली. “अगं, गाव स्वतःच्या तोंडानं सांगतंय की टाळीन म्हणून. मग टाळ की!”

“आई, टालिन. इट्स इन एस्टोनिया.” अबोली हसून हसून सोफ्यावर पडली. विमानतळावर गळ्यात पडून म्हणाली, “येटे हं, आई.”

“ये. आणि दाताला लाव.”

२

कॉलेजनं मुलांना एक काम दिलं होतं. शहर बघून मनावर काय उमटलं ते रोज नोंदवायचं. अबोली मास्तरांसाठी इंग्रजीत लिहायची आणि आईला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून तेच मराठीत बोलून पाठवायची. इथं सकाळ असायची. शोभना फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवायची, पोळ्या लाटत ऐकायची आणि एकटीच उत्तरं देत राहायची.

“आई, इथे राट्री अकरापर्यंट उजेड असटो. लाइक, सूर्याला घरीच जायचं नाहीये. रस्ट्यावर गोल दगड आहेट, माझे बूट मेले. गावाभोवटी मोठी भिंट आहे, टिच्यावर लाल टोप्यांचे बुरूज. सगळं इटकं नीट जपलंय ना, की मला वाटटं कोणी टरी येणार आहे आणि टे लोक टयारी करून बसलेट.”

“पाहुणा येणार असेल,” शोभना तव्याला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अबोलीनं त्या घराबद्दल सांगितलं.

“आम्ही एक घर मोजटोय. सहाशे वर्षं जुनं, व्यापाऱ्याचं. पुढे मोठं दालन, मालाचं. मागे छोटी खोली, राहायची. टिच्या दगडी फरशीट भोकं आहेट, बांगडीएवढी. पूर्वी खाली भट्टी असायची, टी पेटवली की भोकांटून गरम हवा वर. आपल्या घराट जमिनीट जाळी आहे ना, एसीची, टसंच. भट्टी बंद होऊन टीनशे वर्षं झाली.” मग थोडा वेळ नुसता तिचा श्वास. “पण मी हाट ठेवला टर गरम लागलं.”

ती मागची खोली अबोलीच्या वाट्याला आली होती. बाकीची मुलं पुढं काम करायची, ही एकटी मागं टेप धरून. सहाव्या दिवशीचा निरोप तिनं खोलीतूनच पाठवला. खिडकीची मापं सांगितली, भिंतीवर कोणी तरी नखानं ओढल्यासारख्या रेघा आहेत म्हणाली. मग सामान आवरल्याचा आवाज. फोन चालूच होता. बूट वाजले, दार करकरलं, आणि रीतीनं वाढलेल्या त्या पोरीनं रिकाम्या खोलीला सांगितलं, “येटे हं.”

आणि लगेच मागून, “येते हं.”

शोभनाचं लाटणं थांबलं.

त. चांगला दाताला लागलेला, गव्हाच्या दाण्यासारखा टच्च त. वीस वर्षं घसा फोडला त्याचं फळ असं परक्या मुलखात मिळालं म्हणून तिचे डोळेच भरले. पिठाच्या बोटानं तिनं बटण दाबलं आणि उलट निरोप पाठवला.

“अगं बाई, आता कशी म्हणालीस! असंच म्हणत जा. ये, ये माझे बाई, लवकर घरी ये. मी वाट बघते.”

३

दुसऱ्या दिवशी अबोलीचा फोन आला. तिकडं दुपार होती.

“आई, कशाबद्दल बोलटेस टू? मी एकदाच म्हटलं.”

“दोनदा म्हणालीस. दुसऱ्यांदा नीट.”

“नाही गं. आणि टुझा निरोप मी खोलीटच ऐकला. हाटाट टेप होटी म्हणून स्पीकरवर लावला. टू केवढ्याने ओरडटेस! सगळी खोली ‘ये, ये’ करट होटी.” ती हसत होती. “फ्लोअरखालून पण ऐकू येट होटं, आय स्वेअर.”

शोभना हसली नाही. फोन ठेवून तिनं तो निरोप पुन्हा लावला. ‘येटे हं.’ एक श्वास घेण्याएवढी जागा. ‘येते हं.’ आवाज अबोलीचाच. पण अबोलीच्या तोंडात तो त मावत नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दुपारी पद्मिनी पोळ्या न्यायला आली तेव्हा तिनं तिला ऐकवलं.

“प्रतिध्वनी आहे, शोभना,” पद्मिनी म्हणाली. “दगडी खोली म्हटल्यावर घुमणारच.”

“वन्सं, बोबडं बोललेलं डोंगर बोबडंच परत देतो. डोंगरावर जाऊन मी शिवी घातली तर तो मला श्लोक म्हणेल का?”

पद्मिनी खळखळून हसली. “परत लाव बघू,” म्हणाली. परत ऐकलं. मग तिनं पोळ्यांचं पाकीट उचललं, दारात गेली, “जाते गं,” म्हणाली आणि जीभ चावून, “येते, येते.”

शोभना भुताखेताला भिणारी नव्हती. लहानपणी सरपण मिळेना तेव्हा ती मसणवाट्यातून काटक्या आणायची, आणि त्यावर शिजलेलं सगळं घर जेवायचं. पण एक गोष्ट तिच्या मनात कुसळासारखी रुतली. पोरीनं त्या खोलीला ‘येते’ म्हणून सांगितलं होतं. त्याला कोणी तरी ‘येते’ म्हणालं. आणि त्यावर ‘ये’ म्हणाली ती शोभना.

शेवटच्या दिवशी तिनं अबोलीला सक्त बजावलं. “आज त्या खोलीला येते म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू?”

“जाते म्हण.”

“आई, यू सेड नेव्हर. टूच म्हणटेस की मेलेले लोक—”

“जिथं परत यायचं नसतं तिथं म्हणावं. वाद घालू नकोस. म्हण आणि मला पाठव.”

निरोप आला. बूट वाजले, दार करकरलं, “जाटे.” मागून काही नाही. शोभनानं कान लावून पाच वेळा ऐकलं. काही नाही म्हणजे काही नाही. देवापुढं चिमूटभर साखर ठेवून ती कामाला लागली.

कणीक मळता मळता तिचे हात मंदावले. दगडी खोली घुमणारच, वन्सं म्हणाल्या होत्या. आधीच्या निरोपांत बुटांचा आवाजसुद्धा घुमायचा. आज बूटही घुमले नव्हते. बिऱ्हाड उठून गेलेल्या घरासारखी ती खोली मुकी झाली होती.

४

अबोली जुलैच्या सुरुवातीला परतली. केस कापलेले, नखांना हिरवा रंग, तोही अर्धा खरवडलेला.

“ही काय शेवाळ लावून आलीस?”

“इट्स कॉल्ड स्टाइल, आई. टुला नाही कळट.”

‘टुला नाही कळट.’ शोभनाला इतकं हायसं वाटलं की तिनं भर विमानतळावर तिची पापी घेतली.

सुट्टीपुरती अबोली बोबा चहाच्या दुकानात काम करायची. सकाळी दहाला खांद्यावर पिशवी टाकून, “येटे!” आणि शोभना ओट्यावरून, “ये!” दार वाजायचं, गाडी मागं जायची, पाइनच्या झाडांआड वळायची. मग घरात फक्त लाटणं आणि एसीचा घोरल्यासारखा आवाज.

चौथ्या दिवशी गाडी गेल्यावर सहा-सात पोळ्या झाल्या असतील.

“येते.”

“ये,” शोभना म्हणाली.

मग तिच्या हातातली पोळी तव्यावर पडायची ती ओट्यावर पडली.

गॅस बंद करून ती आधी बाहेर गेली. गाडी नव्हती. आत येऊन ओट्यावरच्या, हाक मारली की बोलणाऱ्या स्पीकरच्या डब्याची वायर उपटली. टीव्ही बंद होता. शेजारची नीना कामावर गेलेली. म्हणजे कान वाजले. बावीस वर्षं रोज सकाळी ऐकलेला शब्द, कानाला सवय झालेली असते. नळ बंद केला तरी थेंब ऐकू येतो की नाही? तसंच हे. असं स्वतःला बजावत ती जिना चढली.

अबोलीची खोली तशीच पसरलेली. गालिचा, पलंग, उघडी बॅग. खिडकीखाली जमिनीत एसीची जाळी. घरातल्या सगळ्या जाळ्यांतून गार वारा येत होता, बाहेर पस्तीस-छत्तीसचं ऊन होतं. शोभनानं या जाळीवर तळहात धरला.

वारा गरम होता. आणि सलग नव्हता. यायचा, थांबायचा, यायचा.

तिनं बॅग ओढून जाळीवर ठेवली आणि वर दोन उशा रचल्या.

५

एसीवाला म्हातारा दुसऱ्या दिवशी आला. त्यानं यंत्र लावून बघितलं. गार. मग हातमोजा काढून जाळीवर हात धरला आणि पटकन मागं घेतला. पँटला पुसला. शोभनानं भुवई उडवली.

“ऑल गुड, मॅम,” तो म्हणाला, पण निघाला तो जिन्यावरून जवळजवळ धावतच.

त्यानंतर शोभना अबोलीला जेवताना बोलतं ठेवायला लागली. शब्द काढून घ्यायची.

“हे काय आहे?”

“टाट.”

“आणि हे?”

“टूप. आई, डू आय हॅव अ ब्रेन इंजरी? का विचारटेस?”

“बोल म्हटलं की बोलावं. तात्याच्या तळ्यात तीन तितर.”

“टाट्याच्या टळ्याट टीन टिटर,” अबोली म्हणाली आणि दोघीही हसत सुटल्या. शोभना जरा जास्तच वेळ हसली. आयुष्यभर ज्या ट वर ती चिडली, तोच आता तिला मुलीच्या अंगावरच्या जन्मखुणेसारखा वाटायला लागला होता. तो ऐकला की घास गळ्याखाली उतरायचा.

ऑगस्ट लागला. एका दुपारी ती धुतलेले कपडे घेऊन वर गेली. खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होते.

“तवा.”

“टवा.”

“तवा.”

“ट... ट्वा.”

“ताट. तूप. तांदूळ.”

शाळेत बाई पाढे म्हणून घेतात तसं, न रागावता, न थांबता. दोन्ही आवाज अबोलीचे.

शोभनानं दार ढकललं. अबोली जमिनीवर पालथी पडली होती, कानांत फोन ऐकायच्या त्या छोट्या गोळ्या. बॅग बाजूला सरकवलेली. जाळी उघडी.

“कोणाशी बोलत होतीस?”

अबोलीनं दचकून गोळ्या काढल्या. “ॲप आहे, आई. मराठी शिकायचं. टे बोलटं, आपण मागून म्हणायचं. सरप्राइज होटं टुझ्यासाठी.”

“त्याचा आवाज तुझ्यासारखा का?”

“कसा असेल? ॲपवर कोणी टरी पुण्याची बाई आहे.” अबोली हसली, पण तिचा चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली निळं आलं होतं. ओठ कोरडे पडले होते. “इथे बसलं की बरं वाटटं. ऊब येटे.”

“बंद कर ते. नको शिकूस.”

“व्हॉट?”

“तुझा ट मला चालतो.”

अबोली उठून बसली. “वीस वर्षं, आई. वीस वर्षं टू सगळ्यांसमोर मला—”

“चालतो म्हटलं ना!” शोभना ओरडली. कपडे तसेच टाकून खाली आली आणि बेसिनपाशी उभी राहून तोंडावर पाणी मारायला लागली. लेकीला ‘तू मला जशी आहेस तशी हवीस’ एवढं सांगायचं होतं. ते सरळ सांगायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

६

शार्लटला परत जायचा दिवस उजाडला. अकराला निघायचं होतं. संजीव टेक्सासात कुठंतरी रस्त्यावर होता, त्यानं सकाळीच फोनवर लेकीला ‘सावकाश चालव’ सांगितलं होतं. शोभना वाटेसाठी पोळी-भाजी करत होती. अबोली वर बॅग भरत होती.

स्वयंपाकघराच्या छतातही एसीची जाळी होती, तिच्यातून आवाज उतरला.

“येते, आई.”

तोंड उघडलं होतं शोभनाचं. ‘ये’ जिभेवर आला होता. दात आवळून तिनं तो गिळला. पुरे झालं. चोर घरात शिरला की त्याला चहा विचारत नाहीत. तिनं लाटणं उचललं आणि ती जिना चढून गेली. अबोलीच्या दाराबाहेर उभी राहून, आयुष्यात कधी पाहुण्याला न उच्चारलेला शब्द तिनं सगळा जोर लावून उच्चारला.

“जा! आलीस तिथं परत जा! ह्या घरात तुझं काही काम नाही. जा म्हटलं ना!”

आतून बॅगेची चेन ओढायचा आवाज थांबला.

“आई?”

दार उघडलं. अबोली उभी होती. डोळे भरलेले. “मला जा म्हणालीस?”

“तुला नाही गं, सोन्या—”

“मग कोणाला? इथे कोण आहे दुसरं?” तिनं हात पसरून खोली दाखवली. “काय केलं मी? नीट बोलट नव्हटे टर रागवायचीस. शिकायला लागले टर ओरडलीस. आटा जा. ठीक आहे.” तिनं हनुवटी उचलली, अगदी शोभनासारखी. “जाटे.”

“म्हणू नकोस तसं!”

“जिथे परट यायचं नसटं टिथे म्हणायचं. टूच शिकवलंस ना? जाटे मी.”

आणि दार लावलं. कडी घातली.

शोभनानं दार वाजवलं, हाका मारल्या. आतून रडणं ऐकू येत होतं, मग तेही मंदावलं. खालून जळल्याचा वास आला, तव्यावर पोळी राहिली होती. ती धावत गेली, तवा उतरवला, खिडकी उघडली, धुराचं यंत्र कोकलायला लागलं ते कपड्यानं झोडपून गप्प केलं. या सगळ्यात पाच मिनिटं गेली असतील. फार तर सात.

वळली तर अबोली जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी. बॅग हातात, केस विंचरलेले, चेहरा धुतलेला. डोळ्यांखालचं निळं गेलेलं. तिनं पुढं येऊन वाकून शोभनाच्या पायांना हात लावला. अबोलीनं असा नमस्कार सांगितल्याशिवाय कधी केला नव्हता. शोभनानं तिची बोटं बघितली. नखं स्वच्छ होती. गुलाबी, कोरी.

“रागावू नकोस हं,” ती म्हणाली आणि दार उघडलं. ऊन आत आलं. “येते, आई.”

गव्हाच्या दाण्यासारखा टच्च त.

शोभनाला सगळं कळत होतं. पण अठ्ठेचाळीस वर्षांची जीभ कोणाच्या बापाची ऐकत नाही.

“ये,” ती म्हणाली.

गाडी मागं गेली, पाइनच्या झाडांआड वळली.

घरात एसी घोरत होता. आणि छतातल्या जाळीतून, फार लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

“आई... जाटे गं...”

शोभना जिना कशी चढली ते तिला आठवत नाही. कडी निघालेली होती. खोली रिकामी. पलंग आवरलेला. खिडकीखाली जाळीच्या पात्यांमधून चार बोटांची टोकं वर आली होती. त्यांनी पातं धरून ठेवलं होतं. नखांवर हिरवा रंग, अर्धा खरवडलेला.

“ये!” शोभना किंचाळली. “ये गं! ये, ये, बाळा, वर ये!”

तिनं झेप घेतली तेव्हा बोटं सुटली. एकामागून एक, दमल्यासारखी.

तिनं खालून सुरी आणून जाळी उचकटली. खाली पत्र्याची नळी होती. तिच्यात मांजरही शिरलं नसतं. कोपरापर्यंत हात घातला. धूळ हाताला आली, आणि दगडाच्या खोलीत येतो तसा थंड, जुना वास.

७

सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला अबोली शार्लटहून आली आणि तिनं कार्यक्रमाचं निवेदन केलं. माइकवर उभी राहून अर्धा तास बोलली. टालिन शहराबद्दलही सांगितलं. तटबंदी, तांबड्या कौलांचे बुरूज, मध्यरात्रीपर्यंत रेंगाळणारं ते तांबूस तेज. एक त चुकला नाही. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शोभनाभोवती बायका जमल्या. उत्तरा म्हणाली, “शोभनाताई, काय शुद्ध बोलते हो तुमची अबोली! आमच्या अनिकाला पाठवू का तुमच्याकडं शिकायला?”

“नको,” शोभना म्हणाली. इतकं तुटक की उत्तरा मागं सरकली.

संजीव तर लेकीवर खूश होता. शोभनानं त्याला आणि वन्संना सगळं सांगून बघितलं होतं. संजीव म्हणाला, तुला विश्रांती हवी. पद्मिनीनं मात्र तिच्याकडं बघायचं टाळलं. पोळ्या घ्यायला ती आता येत नाही.

निघताना अबोली शोभनाजवळ आली. खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता.

“तुझ्यासाठीच शिकले ना, आई,” ती हळूच म्हणाली. “तुला अशीच हवी होते.”

आणि ते खरं होतं.

“येते हं.”

शोभनानं पदर तोंडात कोंबला. शेजारून संजीव म्हणाला, “ये, बेटा, ये.”

आता रोज सकाळी ओटा मांडायच्या आधी शोभना वर जाते. जाळीपाशी गालिच्यावर बसते. फोनवर तो जुना निरोप लावते. बूट वाजतात, दार करकरतं, “येटे हं.” त्यामागचा दुसरा आवाज आता निरोपात नाही. तिथं नुसती शांतता आहे. शोभना फोन बंद करते, ओणवी होऊन तोंड जाळीला लावते आणि म्हणते, “ये.”

मग म्हणते, “जीभ कुठंही लाव, बाई. ये.”

जाळीतून गरम वारा येत असतो. तेवढ्यात तो थांबतो. बोलायच्या आधी माणूस श्वास आत घेतं ना, तेवढाच.

शोभना कान लावून बसते. खाली कणीक सुकत असते.